आणखी एक फेरा

बाई, काल तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्या लोकांनी माझंच कौतुक केलं. तुझ्या फोटोला फुलं वाहायची, हात जोडायचे, आणि वळून मला म्हणायचं, "पमाताई, काय चित्र काढलं हो तुम्ही!" गेलीस तू, आणि कौतुक माझ्या हाताचं. अशी लाज वाटली की पदर डोक्यावरून ओढून विहाराच्या मागच्या दारानं निघून जावं. पण गेले नाही. उभी राहिले आणि मान हलवत "तुमचा लोभ" म्हणत राहिले. निर्लज्ज म्हणतात ना, ते असं.

लिहायला बसले की माझी भाषा शाळेतल्या बाईंसारखी होते, हे तुला ठाऊक आहे. तू हसायचीस. "पमे, बोलतं तं आमच्यावाणी, अन् लिहितं तं पुण्यावाणी." हस आत्ताही.

जावा जावा, उभा दावा. लग्न होऊन मी देवळीला आले तेव्हा माझ्या आईनं हीच म्हण पोटलीत बांधून दिली होती. मोठ्या जावेपासून जपून राहा, म्हणाली. आणि पहिल्याच आठवड्यात तू मला वांग्याच्या भाजीवरून असं झापलंस, की मला वाटलं, आई म्हणाली ते खरंच. "तिखट हाय का नाई या भाजीत? आजाऱ्यासाठी केली काय?" दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मूठभर तिखट टाकलं. डोळ्यांतून पाणी काढत तू सगळी भाजी खाल्लीस आणि वर म्हणालीस, "आता जमली." तिथेच आपला दावा संपला.

माझे बाबा पुलगावला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याच हाताखाली मी अक्षरं शिकले, मग चेहरे. सासरी आल्यावर ब्रश ट्रंकेत गेले. ते बाहेर काढलेस तू. "तुह्या हातात कला हाय अन् तू भांडे घासून राह्यली?" म्हणालीस. मी म्हटलं, तूही घासतेस की. तू म्हणालीस, "मी तं घासता घासता गातो ना व." घरातल्यांनी कुरकुर केली, सुना गावोगाव फिरणार का म्हणून. तू तुझी बाजाची पेटी उचललीस, माझ्या हातात रंगाची बादली दिलीस आणि म्हणालीस, परत येताना भाजी आणू. न भांडता आपलं कसं करायचं, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

आपला कार्यक्रम काय, असं कोणी विचारलं की तू एका दमात सांगायचीस, "माहं गाणं, अन् इचं उलटं चित्र." खरंच तेवढंच होतं ते. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, गावातल्या मंडपात मागे मोठा बोर्ड लावायचा. तू आणि ढोलकीवर सुखदेवभाऊ एका बाजूला बसायचे. मी लोकांकडे पाठ करून बोर्डापुढे उभी. तू तुझं गाणं सुरू करायचीस, तूच रचलेलं, "डोये मिटून बसला, तरी सारं गाव दिसते त्याले." आणि मी बुद्धाचा चेहरा उलटा काढायचे. हनुवटी वर, केस खाली. लोक अंदाज बांधायचे, कोणाला टेकडी दिसायची, कोणाला मडकं. डोळे सगळ्यात शेवटी. तुझी शेवटची ओळ संपायची तेव्हा मी ब्रश ठेवायचे, बोर्ड फिरवून सरळ करायचे, आणि पूर्ण मंडप उभा राहायचा.

टाळ्यांच्या गोंगाटात तू नेहमी एकच विचारायचीस, "झालं काय व तुहं?"

आणि मी ऐटीत म्हणायचे, "कवाचंच!"

वीस-बावीस वर्षं हे चाललं. गाणं आणि चित्र एकाच क्षणाला संपतात, हाच आपला चमत्कार होता. आयोजक त्यावरच तर बोलवायचे. आणि तो चमत्कार माझा, अशी माझी खात्री होती. माइकवर बोलायची वेळ आली की मी सांगायचे, "बाईचं गाणं कितीही लांबो, माझा हात बरोबर वेळेत पोचतो." तू पेटी झाकता झाकता म्हणायचीस, "हो व, तू लय टायमाची."

आपण यावरून भांडलोही आहोत. मी म्हणायचे, चित्र गाण्यामागं चालतं. तू म्हणायचीस, "कायले? कधी गाणंबी चित्रामागं चालते." मी म्हणायचे, गाण्याला डोळे थोडेच असतात? तू म्हणायचीस, "गाणाऱ्याले तं असते ना." मी ते उडवून लावायचे. तुझं बोलणं मी फार उडवून लावलं, बाई.

पण एक गोष्ट तुलाही मान्य होती, की आपण दोघी चुकांवर जगलो. आपल्या वस्तीतल्या विहाराची भिंत मी रंगवत होते तेव्हाचं तुला आठवतं? मी स्टुलावर, आणि तू खाली भाकरीचा डबा घेऊन बसलेली. पिंपळाच्या पानाजवळ हिरवा रंग जास्त पातळ झाला आणि भरभर ओघळत खाली आला. मी चिडले, फडकं शोधायला लागले. तू म्हणालीस, "थांब! पुसू नोको!" आणि त्या ओघळाकडे बघत बघत गुणगुणायला लागलीस. ओघळ जिथे थबकला तिथे तू थबकलीस, पुन्हा घसरला तिथे घसरलीस. भाकर तशीच राहिली. मंडपात गायचीस त्या तुझ्या गाण्याची चाल ती आहे. लोक विचारायचे, बाई, ही चाल कुठून आणली? तू म्हणायचीस, भिंतीवरून आणली. लोकांना वाटायचं बाई गंमत करते.

मग उलटंही झालं. समुद्रपूरकडच्या एका गावात तुझा सूर वरच्या जागी लागलाच नाही, खाली सरकला. दुसरी कोणी असती तर खाकरून परत सुरू केलं असतं. तू त्या सरकलेल्या सुरावरच बसून राहिलीस, त्याला गोंजारत. माझा ब्रश आपोआप त्याच्याबरोबर खाली सरकला आणि बुद्धाच्या गालाला असा काही मऊपणा आला की मलाच माझा हात ओळखू येईना. त्या दिवसापासून आपला नियमच झाला. एकीचं चुकलं तर पुसायचं नाही, दुसरीनं उचलायचं. किती शहाणपणाचा वाटायचा हा नियम मला. शाळेतल्या पोरींना चित्रकला शिकवायला जायचे तेव्हाही सांगायचे.

याच नियमानं मी तुला मारलं, असं नाही म्हणणार. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीपासूनच थकलं होतं, कोणालाच कळलं नसतं. निखिललाही मी तेच सांगते, की बाळा, तुझी आई कोणामुळं गेली नाही. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला आपण गिरडच्या पलीकडे गेलो होतो. संध्याकाळ होती, उकाडा तर असा की रंग बादलीतच घट्ट होऊन राहिला होता. तू सुरुवात केलीस. पहिला अंतरा नेहमीसारखा गेला. दुसऱ्यात, ओळीच्या मधेच तुझा आवाज तुटला. तू श्वास घेतलास, पुन्हा उचललास, पुन्हा तुटला. मी बोर्डाकडे तोंड करून होते. मनात म्हटलं, वा! बाईनं आज नवीन जागा काढली! आणि नियमाप्रमाणे मी ती उचलली. तुझा श्वास तुटला तिथे मी रेष तोडली. तू पुन्हा सुरू झालीस तिथून रेष पुन्हा सुरू केली. जन्मभर मी सलग रेषा काढल्या, बाबांनी तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी रेष पहिल्यांदा श्वास घ्यायला लागली.

आता जे लिहिते ते लिहायला हात धजत नाही. बाई, मला एक क्षण कळलं होतं. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. उन्हाळा लागल्यापासून पाण्याचा हंडा उचलताना तू तसाच श्वास घ्यायचीस, ओट्याला हात टेकून. मी एक-दोनदा विचारलंही होतं, आणि तू म्हणालीस, "ऊन हाय व." एकाच स्वयंपाकघरात राहणाऱ्या बाईला दुसरीचा श्वास ओळखू येणार नाही? मला ओळखू आला. मागे वळून एकदा बघायचं, एवढंच काम होतं. पण चित्र असं येत होतं, असं येत होतं, की मी वळले नाही. तुझा दम जात होता आणि मी त्याच्यावर चित्र काढत होते.

बोर्ड सरळ केला तेव्हा टाळ्या लवकर वाजल्याच नाहीत. तुटक रेषांचा तो चेहरा आणि त्याचे मिटत आलेले डोळे. मग एक म्हातारा उठला, मग सगळेच उठले. मी वळले. तू खाली मांडी घालून बसली नव्हतीस, कोणी तरी तुला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं आणि पेटी स्टुलावर होती. मला ते कधी झालं तेही ठाऊक नाही. कपाळ घामानं निथळत होतं. तू विचारलंस, "झालं काय व तुहं?"

"कवाचंच!" मी म्हटलं. "काय जागा घेतल्या बाई आज तू! काय तोडलं!"

"जागा कायच्या व पोरी," तू हसत म्हणालीस, "दम गेलता माहा."

आणि मीही हसले. तू नेहमीच असं म्हणायचीस म्हणून हसले, असं मी स्वतःला सांगते. परत येताना गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीस. तुझ्या डोक्याचा भार मला जाणवत होता, आणि मी काय करत होते? मोबाइलवर त्या चित्राचा फोटो मोठा करकरून बघत होते. एकदा उजवा गाल, एकदा डावा.

पुढच्या आठवड्यातल्या एका सकाळी तू चहा मांडलास आणि ओट्यापाशीच बसलीस. गॅस मी बंद केला. बाकीचं तुला सांगायची गरज नाही.

ते चित्र मग घरोघरी पोचलं, फोनवरून. "याच्यात बाईचा आवाज दिसते," असं लोक मला भेटून सांगायचे. नाचणगावचे एक गुरुजी मुद्दाम बघायला आले आणि बराच वेळ त्याच्यापुढे बसून राहिले. म्हणाले, "रेषेला असं थांबवायचं कसं सुचलं हो तुम्हाला?" मी म्हटलं, सुचलं. बघ, तुझं नाव घ्यायला जीभ उचलली नाही. सांगायचं तरी काय होतं? माझी जाऊ धापा टाकत होती आणि मी त्या धापा जमवत होते, हे?

मग निखिल आला. बारीकसा चेहरा करून म्हणाला, "काकू, पुण्यानुमोदनाला आईचं गाणं लावू. हिवाळ्यात वर्ध्याले रेकॉर्ड केलतं ना, ते. अन् तू चित्र काढ. आईले आवडलं असतं." मी लगेच हो म्हटलं. निदान लाजेखातर एकदा नाही म्हणायला हवं होतं. पण बाई, त्या 'हो'मध्ये तुझ्यासाठी काही करावं हे जितकं होतं, तितकंच हेही होतं, की माझा हात वेळेत पोचतो हे लोकांनी अजून एकदा बघावं. माणूस जातो आणि माणसाची ऐट इथेच राहते.

रेकॉर्डिंग करून तू वर्ध्याहून आलीस ती संध्याकाळ मला तेव्हा आठवायला पाहिजे होती. मी मेथीचे लाडू डब्यात भरत होते. विचारलं, कसं झालं? तू चप्पल काढता काढता म्हणालीस, "बरं झालं. पण लवकरच संपलं व गाणं. तू नव्हती ना." मला वाटलं, बाईला माझ्याशिवाय करमलं नाही. मी खूश होऊन तुला चहा दिला.

काल विहारात वंदना झाली, भंतेजी बोलले, तुझी भावंडं बोलली. मागच्या भिंतीला ते गिरडकडचं चित्र लावलेलं, बाजूला तुझा फोटो. दोन्हींकडे बघवत नव्हतं. मी बोर्डापुढे उभी राहिले. डाव्या हाताला तुझी जागा गिरडकडे होती तशी मांडली होती, पेटी आणि त्यामागे खुर्ची. सुखदेवभाऊ ढोलकी घेऊन बसले. निखिलनं गाणं लावलं.

तुझाच आवाज. स्वच्छ, भरलेला, कुठेही न तुटणारा. मी हनुवटीपासून सुरुवात केली. पहिला अंतरा झाला तेव्हा ओठ व्हायला हवे होते, झाले नव्हते. म्हटलं, बरेच दिवस हात चालला नाही, घाई करू. दुसरा अंतरा आला. नाकाची रेष निम्मी होती. नेहमी इथे तू ती ओळ पुन्हा घेतेस, मनात म्हटलं, आता घेईल. तू घेतली नाहीस. सरळ पुढे गेलीस. मी धावत सुटले, बाई. कपाळ कसंबसं ओढलं, केस भरले, आणि ब्रश धुवून डोळ्यांपाशी आणला, तोवर तू शेवटची ओळ म्हटलीस. एकदाच. आणि गाणं संपलं.

पण ढोलकी थांबली नाही. सुखदेवभाऊ वाजवतच होते, शेवटच्या ओळीचा ठेका, हळू, पुन्हा पुन्हा. मी वळून पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा चित्र अर्धवट असताना मागे वळून पाहिलं. भाऊंची नजर ढोलकीवर नव्हती, निखिलकडे नव्हती. माझ्या ब्रशच्या टोकावर होती. ओठ घट्ट मिटलेले आणि हात सवयीनं चाललेला. ते थांबणार नव्हते, कारण ब्रश खाली ठेवला गेला नव्हता. त्यांना तसं तूच शिकवलं होतंस.

तेव्हा कळलं. मी कधीच वेळेत पोचत नव्हते. तू मला पोचू देत होतीस. ओठ राहिले तर ओळीचा आणखी एक फेरा, नाक राहिलं तर एक फेरा, डोळे जमेनात तर शेवटची ओळ तीनदा, चारदा, नवीन हरकती घेऊन, म्हणजे लोकांना कंटाळा येऊ नये आणि मला कळू नये. मी गाण्यावर चित्र काढते असं सांगत फिरले, आणि तू चित्राकडे बघून गात होतीस. इतकी वर्षं माझ्या पाठीवर तुझे डोळे होते.

मग गिरडकडची ती संध्याकाळ उभी राहिली पुढ्यात. तुटक रेषांना वेळ लागतो. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही सावकाश काढत होते, चवीनं. आणि तू खुर्चीवर बसून, स्टुलाची कड धरून, ती शेवटची ओळ घेतच राहिलीस. घेतच राहिलीस. आता मला ते सगळे फेरे ऐकू येतात. दम नव्हता आणि तू घेत होतीस, कारण माझे डोळे काढायचे राहिले होते.

बाई, तुझे पाय धरू म्हटलं तर तेही राहिले नाहीत.

ढोलकी चालूच होती. लोक माझ्याकडे बघत होते, निखिल बघत होता. दोन फेऱ्यांत डोळे झाले असते. दोन पापण्यांच्या रेषा, त्याहून काय जास्त? निखिल पुन्हा गाणं लावायला फोनकडे वाकला, आणि माझ्या तोंडावर आलं होतं, लाव रे, एकदाच लाव. सवयच ती. तुझ्याकडून आणखी एक फेरा घ्यायची.

मी ब्रश पाण्यात ठेवला. ढोलकी थांबली. बोर्ड फिरवून सरळ केला, तसाच, बिनडोळ्यांचा. मग पेटीकडे गेले, तुझ्या खुर्चीपुढे बसले, आणि तू विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"झालं बाई माहं. थांब आता तू."